ट्रॅव्हल ट्रेलरसाठी स्वे कंट्रोल हिच कसा निवडायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेणारी कुटुंबं आता बरीच दिसतात. ट्रेलर ठरला की पहिला फोन येतो तो असा: "डीलर म्हणतो हा हिच घ्या, पुरेल का?" हिच म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारा सांधा. गेली सात वर्षं आम्ही ट्रेलर ओढतोय. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

स्वे म्हणजे नेमकं काय?

मागचा ट्रेलर रस्त्यावर डावी-उजवीकडे शेपूट मारायला लागतो, तो स्वे. शेजारून मोठा ट्रक गेला की त्याच्या पुढची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते आणि मग आत खेचते. ट्रेलर एकदा डोलतो आणि शांत होतो. एवढं सगळ्यांनाच होतं, त्याची भीती नाही. भीती आहे ती दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा आणि तिसरा त्याहून मोठा होतो त्याची.

कमी वेगात ट्रेलरचे टायर रस्ता धरून हा हेलकावा जिरवतात. वेग वाढतो तशी ती जिरवण्याची ताकद घटते. एका वेगापुढे हेलकावा जिरत तर नाहीच, उलट स्वतःच वाढत जातो. हा वेग प्रत्येक जोडीचा वेगळा असतो. काहींचा ८५ मैल, वजन चुकीचं भरलं असेल तर ५५ सुद्धा. हिचचं काम हा आकडा तुमच्या रोजच्या वेगापासून लांब ठेवणं. वजन चुकलेलं असेल तर ते काम त्याच्या आवाक्याबाहेर जातं.

म्हणजे चांगला हिच घेतला तरी स्वे होऊ शकतो?

हो. आमचाच अनुभव सांगते.

दुसऱ्याच उन्हाळ्यात आम्ही यलोस्टोनला निघालो होतो. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. वारा फार वाढला की तिथे हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद करतात. त्या दिवशी बंद नव्हता. मी चालवत होते, वेग ६५ च्या आसपास. एक ट्रक ओलांडून पुढे गेला आणि ट्रेलर डोलला, मग परत डोलला, आणि आरशात ट्रेलरची मागची कड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसायला लागली. स्टिअरिंगखालून गाडीचं मागचं टोक कुणीतरी धरून हलवतंय असं वाटत होतं. मुलं मागे गप्प झाली. मी पाय उचलला, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचा लीव्हर दाबला, तेव्हा ट्रेलर सरळ झाला. पुढच्या एक्झिटला थांबलो तेव्हा हात थरथरत होते.

डीलरनं दिलेला फ्रिक्शन बार (घर्षणानं डोलणं रोखणारी पट्टी) जागेवर होता, घट्टही होता. चूक भरण्यात होती. मागच्या बंपरवर चार सायकली आणि ट्रेलरच्या मागच्या भागात असलेली ४० गॅलनची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली. एक गॅलन पाणी ८.३ पाउंडांचं, म्हणजे ३३० पाउंड फक्त पाणी, तेही चाकांच्या मागे. पुढे ट्रक स्टॉपवर वजन केलं: ट्रेलर ६,३२० पाउंड आणि पुढच्या टोकाचा भार फक्त ५२०. जेमतेम ८ टक्के.

हा पुढच्या टोकाचा भार किती असावा?

ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जो भार पडतो त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवा. मी १२ ते १३ वर ठेवते.

गावाकडे बैलगाडी भरताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. कडब्याच्या पेंढ्या मागे जास्त रचल्या की गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला लागतं. गाडीवान खाली उतरून चार पेंढ्या पुढे ओढतो. ट्रेलर उलार झाला तर मात्र जू उचललेलं दिसत नाही, कारण बॉल कुलूपबंद असतो. ते ६५ मैलांच्या वेगात कळतं.

आम्ही त्या दिवशी टाकी रिकामी केली, सायकली पिकअपच्या हौद्यात घातल्या, डब्यांची आणि किराण्याची खोकी ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात हलवली. ट्रेलर ५,८४० झाला आणि टंग वेट ७६०, म्हणजे १३ टक्के. तोच हिच, तोच वारा, आणि उरलेला रस्ता मी एका हातानं चालवू शकले असते. चालवला दोन्ही हातांनीच.

टंग वेट घरी मोजता येतं का?

येतं. बाथरूममधला वजनकाटा, एक मजबूत फळी आणि दोन पाइपचे तुकडे लागतात. फळीचं एक टोक विटेवर ठेवलेल्या पाइपवर, दुसरं टोक काट्यावरच्या पाइपवर. दोन्ही पाइपांमध्ये ३ फूट अंतर ठेवा. ट्रेलरचा जॅक विटेकडच्या पाइपपासून १ फुटावर टेकवा, म्हणजे काट्यापासून २ फूट. काटा जो आकडा दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे तुमचं टंग वेट. काटा २५० दाखवत असेल तर ७५०. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना अडसर लावून आणि प्रवासाला निघताना भरतो तसा भरलेला हवा. रिकाम्या ट्रेलरचा आकडा काही सांगत नाही.

ब्रोशरमध्ये हिच वेट (म्हणजेच टंग वेट) दिलेलंच आहे. तेच धरलं तर?

धरू नका. त्यात बहुतेक वेळा बॅटरी नसते, गॅसच्या टाक्या भरलेल्या नसतात, आणि तुमचा कुकर, तांदूळ, गाद्या, कपडे तर नसतातच. कुटुंबाचा ट्रेलर भरला की ब्रोशरमधल्या ट्रेलरच्या एकूण वजनावर हजार-बाराशे पाउंड सहज चढतात, आणि त्याबरोबर टंग वेटही वाढतं. हिच निवडताना ट्रेलरच्या बाजूच्या स्टिकरवरचं कमाल वजन घ्या आणि त्याचे १३ टक्के काढा. खरेदीच्या वेळी हाच सुरक्षित अंदाज.

माझी पिकअप १०,००० पाउंड ओढते असं जाहिरातीत आहे. मग काळजी कसली?

काळजी पेलोडची. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून गाडीवर किती वजन चालेल तो आकडा तिथे आहे. टंग वेट याच आकड्यातून वजा होतं. बहुतेक घरांमध्ये ओढण्याची क्षमता संपण्याच्या कितीतरी आधी पेलोड संपतो.

समजा स्टिकर १,४८० म्हणतो. चार माणसं ५६०, हौद्यातलं सामान १५०, हिच स्वतः ९०. झाले ८००. उरले ६८०. भरून ६,००० पाउंड होणाऱ्या ट्रेलरचं टंग वेट १३ टक्क्यांनी ७८०. म्हणजे जाहिरातीतली १०,००० ची गाडी ६,००० च्या ट्रेलरला १०० पाउंडांनी कमी पडली. हे गणित ट्रेलरची सही होण्याआधी करा. नंतर कुठलाही हिच ते दुरुस्त करत नाही.

गाडीखालच्या रिसीव्हरवरही (हिच ज्यात बसतो त्या चौकोनी खोबणीवर) एक स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असतात, एक वेट डिस्ट्रिब्युशनशिवाय (ते काय, हे पुढच्या प्रश्नात) आणि एक त्याच्यासकट. दोन्ही वाचा.

वेट डिस्ट्रिब्युशन आणि स्वे कंट्रोल एकच का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

टंग वेट गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे पडतं. त्यामुळे गाडीचं मागचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग सैल, ब्रेक कमी, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे दोन स्प्रिंग बार तरफेसारखे काम करून त्यातला काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर परत टाकतात.

स्वे कंट्रोल म्हणजे बॉलभोवती ट्रेलरच्या डावी-उजवी वळण्याला विरोध करणं. काही हिच दोन्ही कामं करतात, काही फक्त पहिलं. खोक्यावर वेट डिस्ट्रिब्युशन लिहिलंय म्हणून स्वे कंट्रोल आहेच असं समजू नका.

मागच्या स्प्रिंगना आधार देणाऱ्या एअर बॅग (हवेच्या पिशव्या) बसवल्या तर वेट डिस्ट्रिब्युशन लागणार नाही ना?

लागेल. एअर बॅग बूड वर उचलतात, पण पुढच्या चाकांवरचं गेलेलं वजन परत आणत नाहीत. गाडी सरळ दिसते, एवढंच.

कोणकोणते प्रकार मिळतात? तुम्ही कोणता घ्याल?

सर्वात साधा म्हणजे फ्रिक्शन बार. हिचच्या बाजूला छोट्या बॉलवर बसतो, आत सरकणारी पट्टी, वर हँडल. हँडल आवळलं की घर्षण वाढतं. शंभर डॉलरच्या आत-बाहेर मिळतो. लहान, हलक्या ट्रेलरला ठीक. पण तीव्र वळण घेऊन मागे घेताना तो काढावा लागतो, नाहीतर वाकतो. पावसात-बर्फात सैल करावा लागतो, कारण निसरड्यावर तो गाडीला वळूच देत नाही. मुलं रडताहेत, कॅम्पग्राउंडमध्ये अंधार पडलाय, अशा वेळी हे विसरायला होतं. ५,००० पाउंडांच्या पुढच्या ट्रेलरसाठी मी तो सुचवणार नाही.

मग येतात ज्यांच्यात स्प्रिंग बारच स्वे कंट्रोलचं काम करतात ते. इक्वलायझरसारखे चार ठिकाणी घर्षण देणारे हिच या गटातले: दोन ठिकाणं हिचच्या डोक्यात, दोन ट्रेलरच्या दांड्यावरच्या एल आकाराच्या ब्रॅकेटवर. मागे घेताना काही काढावं लागत नाही. वळताना कुरकुरतात, कधी कधी अख्ख्या कॅम्पग्राउंडला ऐकू जाईल इतके. ब्लू ऑक्सचा स्वेप्रो साखळ्यांवर बार टांगतो आणि त्या ताणानं ट्रेलरला सरळ रेषेत परत आणतो. तो बराच शांत आहे. रीसच्या ड्युअल कॅममध्ये बारच्या टोकाला खाच असते, ती कॅमवर बसते आणि सरळ चालताना ट्रेलरला जागेवर धरते. पाच ते नऊ हजार पाउंडांच्या कौटुंबिक ट्रेलरसाठी मी याच गटातून घेईन. साधारण सहाशे ते हजार डॉलरमध्ये चांगला मिळतो. वायोमिंगहून परतल्यावर आम्ही चार ठिकाणी घर्षणवाला घेतला, तोच आजही आहे.

अँडरसनचा हिच साखळी आणि युरेथेनच्या बुशवर चालतो. वजनाला सुमारे ६० पाउंड, हात काळे होत नाहीत, आवाज नाही. ज्यांना जड लोखंड उचलणं शक्य नाही त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. टंग वेट जास्त असेल तर पुढच्या चाकांवर पुरेसं वजन परत येत नाही, असं तो वापरणाऱ्या बऱ्याच जणांकडून ऐकलंय. मध्यम ट्रेलरलाच घ्यावा.

आणि वेगळ्याच वर्गातले दोन, हेन्सली अ‍ॅरो आणि प्रोप्राइड. यांत घर्षणाचा भाग गौण आहे. बॉल गाडीच्या मागच्या आसापासून जितका लांब, तितका ट्रेलरला गाडी हलवायला मोठा हात मिळतो. फिफ्थ व्हील ट्रेलर (पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा) आसाच्या वरच फिरतो म्हणून क्वचितच डोलतो. या दोन हिचमधल्या दांड्यांची रचना अशी आहे की ट्रेलर जणू मागच्या आसाच्या जवळून फिरतोय. म्हणून वारा ट्रेलरला ढकलतो तेव्हा तो गाडीला वळवू शकत नाही. तीन हजार डॉलर आणि वर, जड, आणि जोडताना नेम धरायला सराव लागतो. तीस फुटांच्या पुढचा ट्रेलर, लहान व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी असलेली) गाडी किंवा वर्षाचे सहा महिने रस्त्यावर असाल तर पैसे वसूल आहेत. वर्षाला चार वीकएंडसाठी मी घेणार नाही.

बार किती क्षमतेचे घ्यायचे? जास्त ते चांगले ना?

जास्त म्हणजे चांगले नाही. हिचवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १,०००/१०,०००: पहिला टंग वेट, दुसरा ट्रेलरचं वजन. निवड पहिल्या आकड्यावरून करा. टंग वेट ७६० असेल तर ६०० चे बार कमी पडतील, १,४०० चे इतके ताठ असतील की प्रत्येक खड्ड्याचा दणका ट्रेलरच्या दांड्याला आणि गाडीच्या चेसिसला बसेल. १,००० बरोबर. पिकअपच्या हौद्यात मागच्या आसाच्या मागे सामान असेल तर तेही टंग वेटमध्ये धरा. हे बरेचजण विसरतात.

आमच्याकडे सात सीटची एसयूव्ही आहे. हेच नियम लागू?

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. काही एसयूव्ही आणि मिनीव्हॅनना वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावायला कंपनीचीच मनाई असते, कारण त्यांची बॉडी तो ताण घ्यायला बनवलेली नसते. मनाई असेल तर उपाय हिचमध्ये नाही, छोट्या ट्रेलरमध्ये आहे. टीअरड्रॉप किंवा १६-१७ फुटी हलका ट्रेलर बघा. ३,५०० पाउंडांच्या मर्यादेच्या मिनीव्हॅनमागे २४ फुटी ट्रेलर लावलेला मी पाहिलाय. ते पाहूनच पोटात गोळा आला.

माझ्या गाडीत ट्रेलर स्वे कंट्रोल कंपनीकडूनच आहे. मग वेगळा हिच कशाला?

गाडीतली ती यंत्रणा हेलकावा सुरू झाल्यावर जागी होते आणि गाडीच्या वेगवेगळ्या चाकांना ब्रेक लावून तो मोडते. उपयोगी आहे, चालू ठेवा. हिच मात्र हेलकावा वाढण्याआधीच अडवतो. सीट बेल्ट आहे म्हणून कुणी ब्रेक काढून टाकत नाही.

बसवल्यावर तो बरोबर बसलाय हे कसं ओळखायचं?

घरी टेपनं. ट्रेलर न जोडता पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजा. मग जोडून, बार न लावता. मग बार लावून. बार लावल्यावर पुढची उंची मूळ उंचीकडे परत यायला हवी. पूर्ण की अर्धी, ते तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगतं, आणि तिथे कंपनीनुसार फरक आहे. ट्रेलर सपाट किंवा किंचित पुढे झुकलेला हवा. नाक वर असेल तर हिचचं डोकं खालच्या भोकात उतरवा.

खरं उत्तर मात्र काट्यावर मिळतं. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर वेगवेगळ्या फळ्यांवर येतात, पावतीवर तीन आकडे मिळतात. पंधरा-वीस डॉलरचं काम, दुसऱ्यांदा वजन केलं तर आणखी स्वस्त. आमच्या पावत्या अशा होत्या:

फक्त पिकअप, सगळे आत बसून: पुढे ३,१८०, मागे २,७६०.
ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे २,८६०, मागे ३,८४०, ट्रेलर ५,०८०.
बार लावून: पुढे ३,०६०, मागे ३,५२०, ट्रेलर ५,२००.

पहिल्या दोन पावत्यांत पिकअपच्या चाकांवर ७६० पाउंड वाढले, ते टंग वेट. पुढच्या चाकांवरून ३२० गेले होते, बारनं २०० परत आणले, आणि १२० पाउंड ट्रेलरच्या चाकांवर गेले. आमच्या मॅन्युअलला किमान अर्धं परत हवं होतं, ते मिळालं. या तीन पावत्या आजही ग्लव्ह बॉक्समध्ये आहेत.

डीलर बसवून देतो म्हणतो. देऊ का?

द्या, पण त्यानंतर स्वतः मोजा. डीलरकडे ट्रेलर रिकामा असतो. तुम्ही भरल्यावर सगळे आकडे बदलतात आणि एखादी वॉशर किंवा साखळीची एखादी कडी कमी-जास्त करावी लागते. बॉलचा नट मात्र दुकानातच आवळून घ्या. सव्वा इंची दांड्याच्या बॉलला ४५० फूट-पाउंडांच्या आसपास टॉर्क लागतो, घरच्या पान्यानं तो होत नाही.

बार लावताना फार जोर लागतो. काही चुकतंय का?

बहुधा जॅक पुरेसा वर नेत नाही आहात. ट्रेलर बॉलवर बसवून कुलूप लावलं की जॅकनं ट्रेलर आणि गाडीचं बूड दोन्ही एकत्र वर उचला. चार-सहा इंच वर गेलं की बार हातानं जागेवर जातो. साखळीवाल्या हिचमध्ये ब्रॅकेट उलटवायचा पाइप असतो. त्या पाइपच्या फेऱ्यात तोंड किंवा मनगट कधीच नको, मुलांना दहा फूट लांब ठेवा. ताण सुटला तर तो पाइप हाड मोडेल इतक्या जोरानं परत येतो.

जुना हिच घेतला तर चालेल?

चालेल. क्षमतेचं लेबल वाचता यायला हवं. बारच्या टोकाला खोल खड्डे, डोक्यावर वेल्डिंगचा डाग किंवा घरी पाडलेलं भोक दिसलं तर सोडून द्या.

आम्ही इंग्लंडमध्ये असतो. तिकडे हे बार दिसत नाहीत.

तिकडचे कॅरॅव्हन हलके, टोकाचा भार साधारण ५ ते ७ टक्के, आणि मोटरवेवरची ओढतानाची मर्यादा ६० मैल. तिथे अल-को सारखा स्टॅबिलायझर कपलिंगमध्येच बसवलेला असतो. त्यातले पॅड बॉलला घट्ट धरतात. म्हणून बॉलवर ग्रीस किंवा रंग नको, स्वच्छ कोरडा हवा. अमेरिकेत वेट डिस्ट्रिब्युशन हिचचा बॉल ग्रीस करतात, तो सल्ला इंग्लंडमध्ये पाळला की ही एक चूक हमखास होते.

स्वे सुरू झालाच तर काय करायचं?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. स्टिअरिंग सरळ धरा, हेलकाव्याच्या उलट फिरवून पकडायला जाऊ नका. प्रत्येक वेळी उशीर होतो आणि हेलकावा वाढतो. गाडीचा ब्रेक दाबू नका. ब्रेक कंट्रोलरचा लीव्हर दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा, म्हणजे ट्रेलर मागून गाडी ताणून धरतो आणि जोडी सरळ होते. वेग वाढवून बाहेर पडता येतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

शांत झाल्यावर पुढच्या सुरक्षित जागी थांबा आणि कारण शोधा: टायरमधली हवा, मागे सरकलेलं सामान, भरलेली टाकी, सुटलेला बार. कारण सापडलं नाही तर ५५ च्या खाली चालवत रहा. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना मर्यादाच ५५ आहे.

लीव्हर कधी वापरलाच नाही. ऐनवेळी हात जाईल का?

सराव नसेल तर नाही जात. आमच्याकडे प्रत्येक सहलीला निघताना गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये २० मैलांच्या वेगात मी एकदा आणि नवरा एकदा, नजर रस्त्यावर ठेवून, नुसत्या हातानं चाचपून लीव्हर दाबतो. ट्रेलरनं मागून गाडी धरून ठेवल्यासारखी वाटली की मगच हायवेला लागतो.